माते आणि मात्ते

जपानला जाऊन आलेल्या माणसाने फुजी पर्वतावर, चेरीच्या फुलांवर आणि वेळेवर सुटणाऱ्या गाड्यांवर लिहावे असा एक संकेत पडून गेला आहे. मी गेले मे महिन्याच्या सुटीत. फुजी ढगात होता, चेरी माझ्या आधीच महिनाभर झडून गेली होती, आणि गाड्या वेळेवर सुटतात हे आता सांगून कोणाला नवल वाटायचे नाही. शिवाय वीस वर्षे कॉलेजात मराठीचे व्याकरण शिकवल्यामुळे प्रवासात माझ्या डोळ्यांपेक्षा कानच अधिक हिंडतात. तेव्हा इथे लिहिणार आहे ते कानांनी पाहिलेल्या जपानबद्दल. त्यातही, तिथे एक माणूस दुसऱ्या माणसाला 'हे कर' असे कसे सांगतो, आणि सांगणारी बाई असली तर काय होते, एवढ्यापुरतेच.

माझी धाकटी बहीण टोकियोच्या पूर्वेला निशि-कासाइ येथे राहते. एदोगावा वॉर्डातला हा भाग भारतीयांनी इतका भरला आहे की स्टेशनाबाहेरच्या वाणसामानाच्या दुकानात मला पहिल्याच दिवशी पोह्यांच्या भावावरून चाललेला मराठी संवाद ऐकू आला. योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ २०१९ साली याच वॉर्डाच्या सभेवर निवडून आले होते. सांगायचे एवढेच की परके वाटावे असे तिथे फारसे काही नव्हते. परके वाटले ते आवाज.

घरात पाऊल टाकल्यापासून कोणी ना कोणी बाई माझ्याशी बोलत होती. न्हाणीघरातले पाणी तापले की आधी एक पियानोची धून वाजते (ती थिओडोर ओस्टेन या जर्मन संगीतकाराची आहे आणि नोरित्झ कंपनीच्या बंबांमुळे तिथल्या घराघरांत पोहोचली आहे), आणि मग भिंतीतली बाई गोड आवाजात सांगते, 'ओफुरो गा वाकिमाशिता', अंघोळीचे पाणी तयार आहे. सरकता जिना पायाखाली बघायला सांगतो, बस धरून बसायला सांगते, बँकेचे यंत्र पैसे उचलायला सांगते. सगळ्या बायकाच, आणि सगळ्यांचा सूर आपल्याकडच्या पेटीवर शोधायला गेले तर वरच्या सप्तकात सापडावा असा.

यंत्रांचे एक वेळ राहू द्या. तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघी भाजी निवडत बसलो असताना बहिणीचा फोन वाजला. आम्हा बहिणींचा आवाज आईवर गेला आहे. जरा घोगरा, खालच्या पट्टीतला. 'थांब हं ताई,' ती त्या आवाजात म्हणाली आणि फोन कानाला लावला, तो तिच्या गळ्यातून एक निराळीच बाई बोलू लागली. पातळ, चढा, टोकाला किंचित लांबवलेला आवाज. दोन मिनिटांनी फोन ठेवून ती पुन्हा आमच्या आईची मुलगी झाली आणि मटार सोलू लागली. कोणाचा फोन, म्हणून विचारले. 'गॅसवाल्यांचा. उद्याऐवजी परवा या म्हणून सांगत होते.' एवढ्यासाठी एवढे वर चढावे लागते?

'आपोआप होते ग ताई,' ती म्हणाली. 'खालून बोलले की त्यांना वाटते मी चिडले आहे.'

त्या संध्याकाळपासून मी वही काढून बसले. बहीण, तिचा नवरा आणि सात वर्षांची भाची असे तीन शिक्षक घरात फुकट मिळाले. पहिला धडा होता 'मात्सु' या क्रियापदाचा. मात्सु म्हणजे थांबणे, वाट पाहणे. त्याची आज्ञा 'माते'. आपल्या कानाला वाटावे की कोणी देवीलाच हाक घातली! पण हा शब्द चोरामागे धावणाऱ्या पोलिसाच्या तोंडचा, चित्रपटात तलवार उपसणाऱ्या सामुराईच्या तोंडचा. त्यातल्या 'त'ला आणखी एक 'त' जोडला की होते 'मात्ते': थांब ना, थांबतोस का जरा. हे 'मात्ते' सगळेच म्हणतात, पुरुषही आणि बायकाही. 'माते' मात्र बाईच्या तोंडात बसत नाही. बाई रागावली, घाबरली, तिची पर्स घेऊन कोणी पळाला, तरी ती 'मात्ते' म्हणेल. जिभेच्या अर्ध्या ठोक्यात पुरुष आणि बाई वेगळी होतात.

मात्तेवरून पुढे जी पायऱ्यांची उतरंड लागते ती आपल्या पैठणच्या घाटाला लाजवील. 'मात्ते कुदासाइ' म्हणजे कृपा करून थांबा. 'ओमाचि कुदासाइ' हे दुकानातले, ऑफिसातले. 'ओमाचि कुदासाइमासे' हे बड्या दुकानातल्या बाईचे. 'ओमाचि इतादाकेमासेन् का' म्हणजे आपल्याकडून थांबण्याची कृपा मला मिळणार नाही का! दुसऱ्या बाजूला पुरुषांसाठी 'मात्ते कुरे' ही एक रांगडी विनंती आहे, आणि आयांसाठी व मास्तरणींसाठी 'माचिनासाइ' राखून ठेवले आहे. म्हणजे बाईला आज्ञेचे एक रूप दिलेले आहे, पण ते चालवायचे पोरांवर.

मराठी माणसाला ही भाषा पुष्कळ जवळची वाटते. क्रियापद वाक्याच्या शेवटी, विभक्ती नामाच्या मागे. 'ताबेते मिते' म्हणजे हुबेहूब आपले 'खाऊन बघ'. खाण्यात बघण्याचा काय संबंध, हा प्रश्न आपल्यालाही पडत नाही आणि त्यांनाही. 'कुरे' आणि 'कुदासाइ' ही दोन्ही मुळात देण्याची क्रियापदे. आपण 'एवढे करून दे' म्हणतो तसे ते 'करून दे' म्हणतात. फरक असा की कुदासाइच्या मुळाशी वरून खाली देणे आहे. मागणारा पायरीवर खाली उभा आहे हे त्या शब्दातच आले.

पण एका बाबतीत दोन्ही भाषांची तोंडे अगदी उलट दिशांना आहेत आणि हे ध्यानात आले तेव्हा मला रात्री बराच वेळ झोप लागली नाही. मराठीत 'मी जातो' म्हटले की पुरुष आणि 'मी जाते' म्हटले की बाई. पडद्याआडून बोललेले एक साधे वाक्य आपली जात सांगून मोकळे होते. जपानीत हे नाही. 'इकु' म्हणजे जातो, जाते, जातात, जाईल, सगळे काही. आता आज्ञा घ्या. मराठीत 'जा', 'ये', 'बस', 'थांब': सांगणारा कोण, ऐकणारा कोण, काही कळत नाही. सासूचे 'बस' आणि सुभेदाराचे 'बस' एकच. जपानीत नेमके इथेच सगळे उघडे पडते. आपण बाईपण सांगतो ते स्वतःबद्दल बोलताना. ते सांगतात दुसऱ्याला काही करायला लावताना.

बहिणीचा नवरा जपानी शिकला पुण्यात. शिकवायला बाई होत्या, वर्गात मुलीच अधिक. टोकियोत येऊन ऑफिसात बोलू लागला तेव्हा सहकारी गालात हसत. एकाने जेवताना हळूच सांगितले की तुमचे जपानी फार छान आहे, आमच्या मावशीसारखे आहे. युद्धानंतर जपानात राहिलेल्या अमेरिकन सैनिकांचीही अशीच गोष्ट सांगतात. ते मैत्रिणींकडून भाषा शिकले आणि धिप्पाड देहांतून नाजूक वाक्ये बोलू लागले. जावईबापूंनी मग साहेबांचे ऐकून 'कुरे' उचलले. त्यांना सुधारायला सोपे होते, कारण ते खालून वर नव्हे, वरून खाली येत होते.

भाचीचे तसे नाही. एके दिवशी तिला घेऊन आम्ही जवळच्या बागेत गेलो. घसरगुंडीपाशी एक मुलगा तिची टोपी ओढत होता. तिने दोनदा 'यामेते' म्हटले. यामेते म्हणजे नको ना, सोड ना. तिसऱ्यांदा ती ओरडली, 'यामेरो!' हे त्याच क्रियापदाचे 'माते'च्या जातीचे रूप, बंद कर! मुलाने टोपी सोडली. बाकावर शेजारच्या आजी बसल्या होत्या, अगदी प्रेमळ बाई, भाचीच्या तापात त्यांनी पेज करून आणून दिली होती. त्या हसून म्हणाल्या, मुलींनी 'यामेते' म्हणायचे हो बाळ. भाचीने मान डोलावली. आजींच्या आवाजात रागाचा लवलेशही नव्हता.

घरी येताना बहीण म्हणाली, 'सांग ताई, मी तिला कोणते शिकवू? एकाने टोपी सुटते आणि दुसऱ्याने शेजार टिकतो.'

मी भाषेची प्राध्यापक. पण या प्रश्नाला व्याकरणाच्या पुस्तकात उत्तर नाही.

निशि-कासाइहून तोझाइ मार्गाच्या गाडीत बसले की निहोम्बाशीला उतरता येते. तिथे ताकाशिमाया नावाचे थोरले दुकान आहे. १९३३ साली बांधलेली ही इमारत २००९ मध्ये सरकारने सांस्कृतिक वारसा म्हणून नोंदवली. तिच्या जुन्या लिफ्टा अजून माणसे चालवतात. गणवेश, टोपी, पांढरे हातमोजे घातलेली मुलगी हात एका ठरलेल्या कोनात उचलते आणि म्हणते, 'उए ए माइरिमासु', वर जात आहोत. यातले 'माइरिमासु' हे नम्र जाणे. सेवक जातो तसे. जपानात लिफ्टवर मुली नेमण्याची प्रथा १९२९ साली उएनोच्या मात्सुझाकाया दुकानात सुरू झाली. आता अशा मुली मोजक्याच दुकानांत उरल्या आहेत. मी चार वेळा उगाच वरखाली केले. त्या मुलीचा आवाज दर मजल्यावर त्याच स्वरावर येऊन उतरत होता, आणि दार बंद झाल्यावर शेजारच्या मुलीशी तिने जे दोन शब्द कुजबुजले ते चांगले चार-पाच स्वर खालचे होते. म्हणजे गळा तिचा तसा नव्हता. तो नोकरीचा होता.

गळ्याचे शास्त्र साधे आहे. पुरुषाचे स्वरतंतू लांब आणि जाड, ते बोलताना सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा थरथरतात. बाईचे आखूड, ते दोनशेच्या आसपास. हे जगभर सारखेच. पण त्यावर माणसे किती मजले चढवतात ते देशोदेशी निराळे. लिओ लव्हडे या अभ्यासकाने १९८१ साली इंग्रज आणि जपानी माणसांकडून सभ्य बोलण्यातली नेहमीची वाक्ये वदवून घेतली. इंग्रज स्त्रीपुरुष सभ्य होताना दोघेही वर चढले. जपानी बायका त्यांच्याही वर गेल्या, आणि जपानी पुरुष होते तिथेच खाली राहिले. युमिको ओहारा यांनी १९९२ मध्ये दाखवले की तीच जपानी बाई इंग्रजी बोलताना खाली येते आणि जपानी बोलताना वर जाते. पुरुषांत असा फरक पडत नाही. १९९५ मध्ये रेने व्हान बेझोयेन या डच बाईंनी जपानी आणि डच श्रोत्यांना आवाज ऐकवले. चढा आवाज नम्र आणि दुबळा, खालचा आवाज खंबीर, असे दोन्ही देशांतले लोक म्हणाले. पण बाईने पुरुषापासून किती दूर असावे याची अपेक्षा जपान्यांची फार मोठी होती. त्याच वर्षी डिसेंबरात 'न्यूयॉर्क टाइम्स'ने बातमी छापली की जपानी बायकांचे आवाज आता हळूहळू खाली येऊ लागले आहेत. बहिणीला हे सांगितले तर ती म्हणाली, 'गॅसवाल्यांपर्यंत अजून बातमी पोहोचलेली नाही.'

आवाजांना जपानीत जी नावे आहेत तीही पाहण्यासारखी. घोळक्याने किंचाळणाऱ्या मुलींचा तो 'पिवळा आवाज'. लाडीगोडीचा तो 'मांजर कुरवाळणारा आवाज'. वरचा चोरटा स्वर म्हणजे 'मागच्या बाजूचा आवाज'. आणि गुंडाचा खर्जातला दमदाटीचा तो 'खंजीर असलेला आवाज'. खंजीर असलेल्या आवाजाची बाई कोणाच्या बोलण्यात आली नाही.

ही बायकी बोली फार पुरातन, थेट दरबारातून झिरपत आलेली, असे तिथले सुशिक्षितही सांगतात. मियाको इनोउए यांनी २००६ साली एक पुस्तक लिहून या समजुतीची चांगली झाडाझडती घेतली आहे. ज्या लकबी आज 'खरे स्त्रीचे जपानी' म्हणून मिरवतात, वाक्याच्या शेवटी 'तेयो' आणि 'दावा' म्हणण्याच्या, त्या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नव्याने शाळेत जाऊ लागलेल्या मुलींच्या होत्या. आणि त्या काळी त्या उर्मट समजल्या जात. ओझाकि कोयो या कादंबरीकाराने १८८८ मध्ये त्यांच्यावर टीका करणारा लेख लिहिला. मग तीच बोली कादंबऱ्यांतल्या नायिकांच्या तोंडी आली, कादंबऱ्या खेडोपाडी गेल्या, आणि दोन पिढ्यांत तो कुलीनतेचा नमुना झाला. लिहिणारे बहुतेक पुरुष. काबुकीच्या रंगभूमीवर तर १६२९ साली बायकांना बंदीच झाली आणि तेव्हापासून बाईचा आवाज कसा असावा हे पुरुषच करून दाखवत आले. आपण यावर हसू नये. बालगंधर्वांचे पाहून आपल्या आज्या पदर घेत होत्या.

टोकियोच्या स्टेशनांवर मला एक गंमत आढळली. यामानोते या गोलाकार मार्गावर एका दिशेच्या गाडीची सूचना पुरुषाच्या आवाजात होते आणि उलट दिशेच्या गाडीची बाईच्या आवाजात, म्हणजे कोणत्या बाजूला गाडी येते ते दृष्टिहीनालाही कळावे. शब्द दोघांचेही तेच: पिवळ्या रेषेच्या आत 'ओसागारि कुदासाइ', कृपया मागे सरा. मी एका बाकावर बसून पाऊण तास ते ऐकले. एकच विनंती; पण पुरुष म्हणाला की सूचना वाटते आणि बाई म्हणाली की आर्जव वाटते. माझा कान मराठी, त्याला काय कळते, म्हणून जावईबापूंनाही विचारले. त्यांनाही तसेच वाटते. पाऊणतासभर लोक मात्र दोघांचेही ऐकून सारखेच मागे सरत होते.

याच गाड्यांत, सकाळच्या गर्दीत, बायकांच्या अंगाला हात लावणारे असतात. मुंबईच्या बायकांना हे सांगायला नको; बायकांसाठी वेगळे डबे तिथेही आहेत. टोकियोच्या पोलिसांनी २०१६ साली मोबाइलसाठी 'डिजि पोलिस' नावाचे एक साधन काढले. त्यात अशी सोय आहे की तोंडातून शब्द फुटत नसेल तर बटण दाबावे, फोनच मोठ्याने ओरडेल. काय ओरडतो? 'यामेते कुदासाइ!' कृपा करून थांबवा. पोलिसांनी बनवलेला, भीतीच्या क्षणासाठी राखून ठेवलेला आवाज, आणि त्यातही कुदासाइ. मला टोपी ओढणारा तो मुलगा आठवला. बहिणीच्या फोनमध्येही हे साधन आहे. ती म्हणाली, 'कुदासाइ असले म्हणून काय झाले? डबाभर लोक वळून बघतात ना, तेवढे पुरे.' खरे असेल. वळून बघायला लावणे हाही हुकूमच झाला.

शेवटच्या आठवड्यात मी एकटी उत्तरेला गेले. सेंदाइपर्यंत शिंकान्सेन दीड तासात नेते. पुढे छोट्या गाड्या बदलत गेले की रेल्वे एका ठिकाणी संपते आणि बस सुरू होते. ही बस चालते ती पुष्कळ ठिकाणी जुन्या रेल्वेच्याच भरावावरून. ११ मार्च २०११ च्या लाटेने रूळ वाहून नेले आणि मग तिथे डांबर घातले. या बसने मी मिनामिसानरिकु या गावी, शिझुगावा स्टेशनावर उतरले.

गावाची सारी जमीन भर घालून सुमारे दहा मीटर उचलली आहे. त्या उंचीवर नवा बाजार वसला आहे. एका म्हाताऱ्या कोळिणीच्या दुकानात मी समुद्रशेवाळ बघत होते. तिने त्याचा एक तुकडा माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाली, 'के, के.' नंतर कळले की त्या मुलखात 'खा'ला नुसते 'के' म्हणतात. कुदासाइ नाही, काही नाही. आवाज आमच्या आईसारखा घोगरा. त्या भागातल्या जुन्या बायका स्वतःला पुरुषांसारखे 'ओरा' म्हणतात. टोकियोच्या कादंबऱ्या इथे उशिरा पोहोचल्या असाव्यात.

बाजारातून एक लाकडी पूल उतरून स्मृतिउद्यानात जातो. तिथे भरावाच्या मधोमध खळग्यात, जुन्या जमिनीच्या पातळीवर, तीन मजल्यांचा एक लाल लोखंडी सांगाडा उभा आहे. ही गावाची आपत्तिनिवारण कचेरी. इमारतीची उंची १२ मीटर होती. लाट १५.५ मीटरची आली. दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीतून मिकि एन्दो ही चोवीस वर्षांची कर्मचारी, वरिष्ठ सहकाऱ्यासोबत, गावभर लावलेल्या कर्ण्यांतून सांगत राहिली: मोठी लाट येते आहे, उंच जागी जा. शब्द होते 'हिनान् शिते कुदासाइ', कृपया आसरा घ्या. ती उठून गेली नाही. त्या इमारतीत ४३ माणसे गेली, त्यांत ती होती. गावातून आठशेहून अधिक. तिच्या आवाजाचा धडा २०१२ मध्ये साइतामा प्रांताने शाळांसाठी तयार केला. शीर्षक 'देवदूताचा आवाज'. सांगाडा पाडावा की ठेवावा यावर गावात वर्षानुवर्षे वाद होता. कोणाला तो पाहवत नव्हता, कोणाला तो दिसेनासा होणे सोसवत नव्हते. २०२४ मध्ये तो कायम ठेवायचे ठरले.

त्याच दिवशी, दक्षिणेकडे इबाराकि प्रांतातल्या ओआराइ गावी, नगराध्यक्षांनी नेहमीची विनंतीची भाषा बाजूला ठेवायला सांगितले. तिथल्या कर्ण्यांतून 'हिनान् सेयो' असे गेले. 'सेयो' हे करण्याचे जुने, ग्रांथिक आज्ञारूप. आज ते भेटते प्रश्नपत्रिकेत, 'स्पष्ट करा' अशा ठिकाणी. कोणी जिवंत माणूस दुसऱ्याला समोरासमोर 'सेयो' म्हणत नाही. ऐकणारे दचकले, आणि निघाले. चार मीटरची लाट आली. ओआराइत लाटेने एकही माणूस दगावला नाही. ही हकीकत नंतर जपानात फार चर्चिली गेली आणि तिचा निष्कर्ष लोकांनी झटकन काढला: विनंतीने भागत नाही, हुकूम हवा. मला हे इतके सरळ वाटत नाही. एक तर मिनामिसानरिकुची लाट चौपट होती. आणि त्या मुलीच्या कुदासाइने धावत सुटलेली, म्हणून आज जिवंत असलेली माणसे त्या गावात आहेत. ती तसे सांगतात. त्या खळग्याच्या काठावर उभे राहून तिने कोणते क्रियापद वापरायला हवे होते, याचा विचार करणेही मला जमेना.

पण जपानच्या नभोवाणीने, एनएचकेने, विचार केला, आणि तो करायलाच हवा होता. तोवर तिथला निवेदक संकटातही संथ, समतोल स्वरात बोलत असे. लोक घाबरू नयेत म्हणून. २०११ नंतर त्यांनी हे बदलले. लाटेची सूचना द्यायची ती मोठ्या, तुटक, निर्वाणीच्या आवाजात, असे ठरले, आणि २०१२ च्या डिसेंबरात ती तशी प्रथम दिली गेली. सरकारी कागदांचीही भाषा बदलू लागली. एदोगावा वॉर्डाचा बराचसा भाग भरतीच्या पाण्यापेक्षा खाली आहे. २०१९ साली वॉर्डाने घरोघर दिलेल्या पुराच्या नकाशावर, खुद्द आपल्या वॉर्डाच्या चित्रावर, छापले होते 'कोको नि इते वा दामे देसु', इथे राहून चालायचे नाही. आईने पोराला दटावावे तसे. बहिणीच्या फ्रिजवर तो नकाशा लावलेला आहे.

आता प्रश्न उरला तो निवेदिकांचा. बाईने ओरडून आज्ञा करायची तर ती कोणत्या रूपात? 'निगेरो', पळ, हे पुरुषाचे. 'निगेनासाइ' हे आईचे. 'निगेते' ही विनंती. टोकियोला परतल्यावर बहिणीने मला त्याचे उत्तर ऐकवले. १ जानेवारी २०२४, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी नोतो द्वीपकल्पात ७.६ तीव्रतेचा भूकंप झाला. एनएचकेवर इझुमि यामाउचि ही निवेदिका होती. 'इमा सुगु निगेरु कोतो! ताकाइ तोकोरो नि निगेरु कोतो!' आत्ताच्या आत्ता पळणे! उंच जागी पळणे! 'कोतो' म्हणजे गोष्ट. क्रियापदाला तो जोडला की होते आपले '-णे'. 'सर्व विद्यार्थ्यांनी ओळखपत्र जवळ बाळगणे' यातले. सूचनाफलकाचे, शाळेच्या नियमावलीचे रूप. ज्याला ना वक्ता, ना पुरुष, ना बाई. फळ्यावरून उचललेले ते कोरडे रूप त्या बाईने पोटातून ओरडून म्हटले होते. मधूनमधून निगेते कुदासाइही येत होते, पण त्यालाही आता खालची पायरी उरली नव्हती. आवाज वर गेलेला होता. शंभर माणसांना हाक घालताना कोणाचाही जातो तसा. लिफ्टमधला स्वर त्यात कुठेही नव्हता.

'रागावली आहे का ती?' भाचीने मला मराठीत विचारले. तिची आई म्हणाली, नाही ग, घाई करते आहे.

मग बहिणीने त्या दिवसाचे सांगितले. नववर्षाची सुटी, घरात आठदहा मराठी मंडळी जमलेली, पुरणपोळी ताटात. टोकियोलाही जरासा हलका हादरा जाणवला होता. नोतो पार पलीकडच्या समुद्रावर. तिथली लाट निशि-कासाइला येण्याचा प्रश्नच नव्हता. टीव्ही कोणीतरी सहज लावला. पाहुण्यांत दोघांच्या आया नुकत्याच देशाहून आलेल्या होत्या, त्यांना जपानीचे अक्षरही कळत नव्हते. तो आवाज सुरू झाला आणि त्या दोघी ताट बाजूला सारून सगळ्यांच्या आधी उठून उभ्या राहिल्या.